आधी तक्ता भरा, मग कोड लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एखादी ऑनलाइन सेवा कोलमडली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘तांत्रिक बिघाड’ हे दोन शब्द हमखास येतात आणि विषय तिथेच संपतो. वाचणाऱ्याला वाटते, सर्व्हर बंद पडला असेल किंवा प्रोग्रामरच्या हातून काही चुकले असेल. तसे घडतेही. पण पैसे कापले गेले आणि तिकीट आले नाही, एकच आसन दोघांना गेले, रद्द केलेल्या अर्जावर मंजुरीचा संदेश आला, अशा तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा आणखी मागे असते. त्या प्रसंगी प्रणालीने काय करायचे, हे कोड लिहिण्याआधी कोणी ठरवलेलेच नसते. ठरवण्याच्या या कामाला सिस्टीम अॅनालिसिस म्हणतात आणि ठरलेले कोणत्या रचनेत बसवायचे, ते डिझाइन. मुदत जवळ आली की पहिली कात्री याच कामाला लागते, म्हणून हे पत्र.

आसन आरक्षणाचे उदाहरण घेऊ. ग्राहक आसन निवडतो, ते १० मिनिटे त्याच्यासाठी राखले जाते, तेवढ्यात पैसे भरले की आरक्षण पक्के. बैठकीत एवढे बोलून सगळे उठतात. पण आरक्षणाच्या अवस्था चार आहेत: तात्पुरते, पक्के, मुदत संपलेले आणि रद्द. त्याच्या वाट्याला येणाऱ्या घटना किमान पाच: पैसे जमा झाल्याचा निरोप, पैसे नाकारल्याचा निरोप, १० मिनिटे संपणे, ग्राहकाने रद्द करणे आणि कार्यक्रमच रद्द होणे. अवस्था उभ्या आणि घटना आडव्या मांडल्या की २० चौकोन होतात. बैठकीतल्या बोलण्यातून त्यातले फार तर पाच-सहा भरतात. उरलेले प्रोग्रामर आपल्या समजुतीने भरतो किंवा ते रिकामेच राहतात.

‘मुदत संपलेले’ आणि ‘पैसे जमा’ हा चौकोन पाहा. ग्राहकाने नवव्या मिनिटाला पैसे भरले, बँकेकडून निरोप अकराव्या मिनिटाला आला. मधल्या काळात आसन दुसऱ्याने घेतले असेल तर पैसे आपोआप परत करायचे का? आसन अजून मोकळे असेल तर त्यालाच द्यायचे का? त्याला कळवायचे कोणी? या प्रश्नांची उत्तरे व्यवसाय चालवणाऱ्याने द्यायची असतात, प्रोग्रामरने नव्हे. ‘पक्के’ आणि ‘पैसे जमा’ हा चौकोन हास्यास्पद वाटतो, पण पोहोच मिळाली नाही तर पेमेंट सेवा तोच निरोप पुन्हा पाठवते. व्यवहार क्रमांक आधी नोंदलेला आहे का, हे तपासले नाही तर एकाच खरेदीची दोनदा नोंद होते. ‘पक्के’ आणि ‘मुदत संपली’ हे तर अशक्यच, असे वाटते. पण राखीव वेळेचे घड्याळ आधीच लावलेले असते. वेळ संपताच त्याने आरक्षणाची अवस्था न पाहता आसन मोकळे केले, तर पैसे भरलेल्या माणसाची जागा बाजारात जाते. म्हणून अशक्य वाटणाऱ्या चौकोनातही ‘अशक्य, तरी घडल्यास काही बदलू नये, नोंद करून माणसाला कळवावे’ असे लिहायचे असते. रिकामे सोडायचे नसते.

एकच आसन दोघांना जाण्याचे कारण याहून वेगळे. दोन ग्राहक एकाच क्षणी विचारतात, दोघांनाही ‘मोकळे’ असे उत्तर मिळते आणि दोघांच्याही नोंदी होतात. आधी तपासायचे आणि मग लिहायचे, या दोन पावलांमधल्या फटीत हे घडते. एकट्याने चाचणी घेताना ते कधीच दिसत नाही. एका कार्यक्रमाच्या एका आसनाला एका वेळी एकच चालू आरक्षण, हा नियम डेटाबेसवरच, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या भागावरच लादला की दुसरी नोंद तिथेच नाकारली जाते. स्क्रीनवरच्या तपासणीवर विसंबून भागत नाही.

माहितीच्या रचनेचा पाया संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल मॉडेलमध्ये, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवण्याच्या पद्धतीत आहे. त्यातून रुजलेली शिस्त अशी की एक वस्तुस्थिती एकाच जागी ठेवावी. ग्राहकाचा फोन क्रमांक तीन तक्त्यांत असेल तर एक बदलतो, दोन जुने राहतात. मात्र हा नियम आंधळेपणाने लावणारेही फसतात. तिकिटाचा दर फक्त दरपत्रकात ठेवला आणि पुढे दर वाढला, तर जुन्या पावत्यांवरही नवा दर छापला जातो. आजचा दर आणि विक्रीच्या वेळचा दर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून दुसरा आरक्षणाच्या नोंदीतच ठेवावा लागतो.

या सगळ्याआधी एक कागद लागतो: मधोमध वर्तुळात संपूर्ण प्रणाली, भोवती तिच्याशी बोलणारे सगळे जण आणि प्रत्येक बाणावर जाणाऱ्या माहितीचे नाव. हिशेब विभाग किंवा दारावर तिकीट तपासणारा माणूस सुटला असेल तर तो इथेच लक्षात येतो. पुढच्या पातळीवर, म्हणजे त्या वर्तुळाचे वेगवेगळ्या प्रक्रियांत भाग पाडल्यावर, एखाद्या प्रक्रियेत माहिती नुसती आतच जाताना दिसली, किंवा आत काही न जाता बाहेर येताना दिसली, तर काहीतरी विचारायचे राहिले आहे. ‘प्रणाली वेगवान असावी’ ही तर अपेक्षाच नव्हे, कारण ती तपासता येत नाही. ‘५०० जण एकाच वेळी शोधत असताना १०० पैकी ९५ वेळा उत्तर २ सेकंदांत यावे’ हे तपासता येते.

न विचारलेल्या प्रश्नाची किंमत ४ जून १९९६ रोजी युरोपच्या एरियान ५ अग्निबाणाच्या पहिल्याच उड्डाणात दिसली. दिशादर्शक प्रणालीचा काही भाग एरियान ४ वरून जसाच्या तसा घेतला होता. त्यात ६४ बिटांची (बिट म्हणजे ० किंवा १ एवढीच जागा) एक संख्या १६ बिटांत बसवली जात होती, जिथे ३२,७६७ च्या पुढे जागाच नसते. नव्या अग्निबाणाचा आडवा वेग जास्त होता, संख्या मावली नाही आणि अग्निबाण मिनिटभराच्या आतच नष्ट झाला. राखीव संगणक होता, पण त्यातही तेच सॉफ्टवेअर असल्याने तोही तसाच बंद पडला. यंत्र बिघडले तर दुसरे यंत्र कामी येते. विचारातली चूक मात्र दोन्ही यंत्रांत सारखीच उतरते.

‘आम्ही दर दोन आठवड्यांनी थोडेथोडे काम करतो, असे कागद जुन्या पद्धतीचे’ असे काही जण म्हणतात. एक टप्पा पूर्ण करूनच पुढच्या टप्प्यावर जाण्याची जी पद्धत जुनी म्हणून टाकली जाते, तिचे चित्र सॉफ्टवेअर अभियंते विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या निबंधात आहे. एकाच फेरीत सरळ खाली उतरत जाणे धोक्याचे, हे त्याच निबंधात त्यांनी सांगितले होते. दोन आठवड्यांच्या कामासाठी दोन आठवड्यांपुरताच तक्ता काढा. २० चौकोन भरायला व्यवसाय जाणणारा एक माणूस, एक प्रोग्रामर आणि एक चाचणी करणारा एवढे पुरतात, आणि अर्ध्या दिवसात काम होते. तोच तक्ता पुढे चाचण्यांची यादी होतो: प्रत्येक चौकोनाला किमान एक चाचणी.

सॉफ्टवेअर करून घेणाऱ्या संस्थांनी करारावर सही करण्याआधी हा भरलेला तक्ता मागावा. आणि आपल्या वार्ताहरांना विनंती, की पुढच्या वेळी ‘तांत्रिक बिघाड’ असे उत्तर मिळाले तर दोन प्रश्न आणखी विचारावेत: नेमकी कोणती परिस्थिती उद्भवली होती, आणि त्या वेळी काय व्हावे हे आधी कुठे लिहिलेले होते?

आपला,
एक सिस्टीम अॅनालिस्ट