गावाची नगरपंचायत झाली. नकाशा कोणाकडे गेला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपूरच्या रिंग रोडपलीकडच्या एखाद्या गावाला नगरपंचायतीचा किंवा नगरपरिषदेचा दर्जा मिळाल्याची बातमी अलीकडे वरचेवर वाचायला मिळते आणि प्रत्येक वेळी त्या गावात पेढे वाटले जातात. त्या आनंदाला माझी हरकत नाही, कारण मीही अशाच एका लेआउटमध्ये, म्हणजे भूखंड पाडून वसलेल्या वसाहतीत, बरीच वर्षे राहत आहे. मात्र फलकावरील ‘ग्रामपंचायत’ हा शब्द पुसला गेला, सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष आणि ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी आले, म्हणजे नेमका कोणता अधिकार कोणाकडून कोणाकडे गेला, याची चर्चा त्या बातम्यांत क्वचितच असते. या पत्राचा विषय तेवढाच आहे, आणि त्यातही नियोजनाचा, म्हणजे नकाशा ठरवण्याचा अधिकार.

नागपूरला हा प्रश्न नवा नाही. येथे नगरपालिका 1864 साली स्थापन झाली. पुढे मध्य प्रांत सरकारने 1936 मध्ये स्वतंत्र कायदा करून नागपूर सुधार प्रन्यास (नासुप्र) उभा केला. शहराच्या वाढीसाठी योजना आखणे, जमीन संपादित करणे, रस्ते व बगीचे करून भूखंड देणे ही कामे त्याच्याकडे गेली आणि त्याचा सभापती शासनाने नेमायचा, असे ठरले. 1948 च्या कायद्यानुसार 1951 मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली, तेव्हा प्रन्यास दीड दशकाचा झाला होता. तेव्हापासून या शहरात एक घर मतदारांचे आणि एक घर शासनाचे अशी दोन घरे आहेत. नासुप्रने लेआउट विकसित करावा, मनपाने तो ताब्यात घ्यावा, आणि ताबा मिळेपर्यंतच्या काळात दिवे व गडर लाइन (सांडपाण्याची वाहिनी) यांचे काय, याचे उत्तर रहिवाशाने शोधत फिरावे, हा अनुभव येथील किमान दोन पिढ्यांनी घेतला आहे. ‘572 लेआउट’ आणि ‘1900 लेआउट’ हे नियमितीकरणाच्या यादीतील अनधिकृत लेआउटचे आकडे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावे लागतात, नागपूरकराला नाही. राज्य मंत्रिमंडळाने 2019 मध्ये नासुप्र बरखास्त करण्याचा निर्णय घेतला आणि पुढच्या सरकारने तो फिरवला. प्रन्यास असावा की नसावा, या वादात मला येथे शिरायचे नाही. माझी चिंता अशी आहे की, शहरात आठ-नऊ दशकांत न सुटलेली ही गाठ आपण आता शहराभोवतीच्या गावांतही मारत आहोत.

वाडीचे उदाहरण घ्यावे. अमरावती मार्गावरील ट्रान्सपोर्टची गोदामे आणि जवळचा आयुध निर्माणी कारखाना यांच्या आधाराने ही वस्ती वाढली. 2011 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या 50 हजारांहून अधिक नोंदली गेली आणि जनगणना खात्याने तिला नगर म्हटले. तरीही त्या वेळी तेथील कारभार ग्रामपंचायतीकडेच होता. राज्याच्या 1965 च्या नगरपरिषद कायद्यात 40 हजारांवर लोकसंख्या असलेले शहर ‘ब’ वर्गात बसते, तर ग्रामपंचायतीच्या कायद्यात सदस्यसंख्येची कमाल मर्यादा 17 आहे. म्हणजे जनगणनेच्या लेखी जे शहर होते, ते राज्याच्या लेखी गाव राहिले आणि 50 हजार माणसांचे पाणी, कचरा व रस्ते गावाच्या कायद्याने चालवले गेले. वाडीला पुढे नगरपरिषद मिळाली, पण शहर आधी उभे राहते आणि त्याचा कायदा मागाहून येतो, हा क्रम शहराच्या दुसऱ्या बाजूंनाही तसाच चालू आहे.

हुडकेश्वर आणि नरसाळा यांचा मार्ग वेगळा होता. 2013 मध्ये ही गावे थेट महानगरपालिकेत आली आणि शहराचे क्षेत्र सुमारे 217 वरून 227 चौरस किलोमीटर झाले. विलीनीकरणाने सगळे प्रश्न सुटले, असे तेथील कोणीही म्हणणार नाही. मात्र दाद कोणाकडे मागायची, एवढे तरी त्यांना ठाऊक झाले.

विलीन न झालेल्या गावांची स्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. 2017 मध्ये नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या कार्यक्षेत्रात 719 गावे आणि साडेतीन हजार चौरस किलोमीटरांहून अधिक भूभाग आहे. प्राधिकरणाचे अध्यक्षपद मुख्यमंत्र्यांकडे आणि रोजचा कारभार आयुक्तांकडे असतो. एवढ्या मोठ्या प्रदेशाचा विचार कोणीतरी एकत्रितपणे करायला हवा, हे मला मान्य आहे. नद्या, बाह्य वळणरस्ता किंवा कचऱ्याची जागा यांचे नियोजन प्रत्येक नगरपंचायतीने सुटेसुटे करणे शक्य नाही. परंतु माझ्या घराच्या मागच्या गल्लीची रुंदी किती असावी आणि लेआउटमधील मोकळी जागा खेळायला राहावी की नाही, हेही तेथेच का ठरावे, ते मला उमगलेले नाही.

ग्रामपंचायत असेपर्यंत यास उत्तर होते. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार ग्रामपंचायत हे नियोजन प्राधिकरण नव्हतेच. नगरपंचायत किंवा नगरपरिषद झाल्यावर मात्र ते उत्तर पुरत नाही, कारण शासनाने त्या क्षेत्रासाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमले नसेल, तर हा कायदा अशा संस्थेला नियोजन प्राधिकरण मानतो. 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतील 18 विषयांपैकी पहिलाच विषय नगररचनेसह नागरी नियोजन हा आहे. तोच वगळून उरलेले विषय निवडून आलेल्या संस्थेला दिले, तर नगरसेवकाच्या वाट्याला नाली आणि कचरागाडी उरते. मग तो त्याच दोन गोष्टींवर निवडणूक लढवतो आणि आपण त्याला दृष्टी नसल्याबद्दल बोल लावतो.

नागपूरजवळच्या कामठीत 1821 साली लष्करी छावणी वसली आणि आज तेथे छावणी मंडळ (कॅन्टोन्मेंट बोर्ड) व नगरपरिषद अशा दोन संस्था शेजारी शेजारी आहेत. पण त्यांची विभागणी जमिनीची आहे. हद्दीच्या कोणत्या बाजूला आपले घर आहे, हे कळले की आपली संस्था कोणती तेही कळते. आमच्याकडील विभागणी कामांची आहे, आणि ती एकाच घराच्या उंबरठ्यावर होते. आमच्या लेआउटच्या नियमितीकरणासाठी विकास शुल्क भरल्याची पावती मी एका कार्यालयाची जपून ठेवली आहे आणि रस्त्यासाठी केलेले अर्ज दुसऱ्या कार्यालयाचे आहेत. पावती घेणारे कार्यालय रस्ता स्थानिक संस्थेने करावा म्हणते, आणि स्थानिक संस्था विचारते की शुल्क आमच्याकडे कुठे जमा झाले? दोघांचेही म्हणणे आपापल्या नियमांत बसते, हीच खरी अडचण आहे.

नगरपंचायत स्थापन करणारी अधिसूचना शासनच काढते. तेव्हा त्याच अधिसूचनेत नियोजनाचा आणि बांधकाम परवानगीचा अधिकार कोणाकडे राहील, तो नव्या संस्थेकडे जाणार असेल तर कोणत्या तारखेला, आणि त्या हद्दीतून पूर्वी वसूल झालेल्या विकास शुल्काची शिल्लक कोणाच्या खात्यात जाईल, हे लिहून द्यावे. नवी नगरपंचायत लगेच आराखडा करू शकणार नाही, कारण तिच्याकडे नगररचनाकारच नसतो, हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठी दोन-तीन वर्षांची मुदत ठेवून तोवर प्राधिकरणाने काम पाहावे, पण मुदत लिहिलेली असावी. नासुप्रच्या बाबतीत ती कधीच लिहिली गेली नाही.

राज्यातील नगरपरिषदा व नगरपंचायतींच्या निवडणुका प्रदीर्घ प्रतीक्षेनंतर डिसेंबर 2025 मध्ये झाल्या. नागपूर महानगरपालिकेतही मार्च 2022 पासून प्रशासक होता. अनेक ठिकाणी आता सभागृहे भरली आहेत. शहराभोवतीच्या नवनिर्वाचित सदस्यांनी आपल्या पहिल्या काही सभांमध्ये गटारे व पथदिव्यांच्या ठरावांसोबत अधिकार हस्तांतरणाचा ठरावही मांडावा आणि त्यावर शासनाकडून येणारे उत्तर, ते नकाराचे असले तरी, कार्यालयाच्या सूचना फलकावर लावावे. पुढचा अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा, ते आम्ही तेथे वाचून घेऊ.

आपला,
रिंग रोडपलीकडील एक रहिवासी,
नागपूर