गोळी, बोलणं आणि ड्रॉवरमधलं कानाचं मशीन

प्रिय आई, बाबा,

काल फोनवर जे झालं त्याला बोलणं म्हणत नाहीत. आई दबक्या आवाजात काहीतरी सांगत होती, बाबा मागून "काय म्हणतेय ती?" म्हणून विचारत होते, मी ओरडून सांगत होते, आणि शेवटी आई "जाऊ दे गं" म्हणाली आणि ठेवलाच फोन. म्हणून लिहितेय. मोठ्या अक्षरात प्रिंट काढून पाठवतेय. आधी आईनं वाचायचं मग बाबांनी, उलटं नको, कारण बाबा वाचून झाल्यावर "त्यात विशेष काही नाही" म्हणून कागद घडी करून ठेवून देतील.

तातडीचं आधी. आई, तू आठ दिवसांपूर्वी डिप्रेशनची गोळी कुणाला न विचारता एकदम बंद केलीस आणि तिसऱ्या दिवसापासून चक्कर, डोक्यात मधेच शॉक बसल्यासारखं, कारण नसताना रडू, असं सुरू झालं. तुला वाटलं आजार परत आला. बाबांना वाटलं, बघ, सवय लागली गोळ्यांची, मी म्हणतच होतो. मला वाटतं दोघांचंही चुकतंय. डिप्रेशन परत येतं ते साधारण हळूहळू येतं, आठवडे महिने घेत. असं दोन-चार दिवसात चक्कर आणि शॉक घेऊन येतं ते बहुतेक वेळा गोळी अचानक थांबवल्याचा परिणाम असतो. आणि याला व्यसन म्हणत नाहीत बाबा, आईला गोळीची तलफ येत नव्हती, डोस वाढवावासा वाटत नव्हता. पण "बंद केल्यावर काहीच होत नाही" हेही खरं नाही, डॉक्टर मंडळी बरीच वर्षं हे हलक्यात घेत आली असं माझं मत आहे. आज सकाळी मी डॉक्टरांशी बोलले, त्या म्हणाल्या पूर्वीचाच डोस परत सुरू करा, आणि थांबवायचीच असेल तर काही महिने लावून थोडी थोडी कमी करू. गुरुवारची वेळ घेतलीये.

आता बाबांचा प्रश्न. "गोळी, ते बोलण्याचं काय ते, आणि आधीपासून काळजी घेणं, या तिन्हीत बेस्ट काय ते एका ओळीत सांग." एका ओळीत नाही येत हो बाबा. आणि डायबेटिसचं उदाहरण मी देणार नाहीये, ते सगळेच देतात आणि तुम्ही ते ऐकून वैतागलाय हे मला माहितीये.

आधी विचारायचं, आजार कुठला? मानसिक आजार म्हटलं की आपण सगळं एकाच गाठोड्यात बांधतो, तिथेच घोळ होतो. एखाद्याला कुत्र्याची किंवा उंचीची भयंकर भीती असेल तर गोळीचा जवळजवळ उपयोग नाही, तिथे त्या भीतीला हळूहळू सामोरं जायला शिकवतात, ओस्ट नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं तर १९८९ मध्ये एकाच तीनेक तासाच्या बैठकीत हे करता येतं असं दाखवलं. स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे भास होतात, नसलेलं खरं वाटतं त्या आजाराचं, बरोब्बर उलट. तिथे गोळी हाच पाया. २०१२ मध्ये ६५ चाचण्या एकत्र करून बघितलं तेव्हा वर्षभरात औषध चालू असलेल्यांपैकी साधारण २७ टक्के लोकांचा आजार उलटला आणि औषधाऐवजी बिनऔषधाची गोळी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचा. एवढा फरक असताना "आधी नुसतं बोलून बघू" म्हणणं म्हणजे त्या माणसाच्या आयुष्याशी खेळ आहे. बायपोलरमध्ये, म्हणजे कधी अती उत्साह तर कधी डिप्रेशन, लिथियम नावाचं औषध, १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरनं वापरलं ते अजून वापरतात, सोबत बोलणं हवंच पण लिथियम सोडून नाही.

आणि आईचं जे आहे, डिप्रेशन, ते मधलं. इथे सरासरी बघितली तर गोळी आणि बोलण्याची थेरपी जवळपास बरोबरीत सुटतात, आणि दोन्ही एकत्र दिलं तर एकेकट्यापेक्षा जास्त फायदा होतो. सौम्य असेल तर आधी बोलणं, तीव्र असेल तर गोळी थांबवून ठेवायची नाही. आई, तुझं तीव्र होतं. पहिले दोन महिने तू या कुशीवरून त्या कुशीवर वळायलासुद्धा तयार नव्हतीस, तुला खुर्चीत बसवून विचारांची वही लिहायला सांगणं हा अत्याचार झाला असता. गोळीनं तुला खुर्चीपर्यंत आणलं, पुढचं त्या थेरपीवाल्या बाईंनी आणि तू मिळून केलंत. त्यामुळे "मला गोळीनं बरं वाटलं का बोलण्यानं" हा जो तुझा प्रश्न आहे ना, तो तुझ्या बाबतीत तरी सुटणार नाही, सोडून दे.

गोळीबद्दल बाबांची थिअरी आहे की मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन कमी पडतं ते गोळी भरून काढते, टाकी भरल्यासारखं. ही गोष्ट ऐकायला छान आहे पण इतकी सरळ ती कुणी सिद्ध केलेली नाही. गोळ्या काम करतात, पण नेमकं कसं ते अजून पूर्ण उलगडलेलं नाही. पहिल्या औषधांपैकी एक तर चक्क टीबीचं औषध होतं, १९५० च्या दशकात टीबीचे पेशंट ते घेऊन अचानक उत्साही दिसायला लागले म्हणून कळलं! २०१८ मध्ये ५२२ चाचण्या, १ लाख १६ हजारांवर माणसं आणि २१ औषधं असा मोठा हिशोब मांडला गेला, सगळी २१ औषधं बिनऔषधाच्या गोळीपेक्षा सरस निघाली, पण तो फरक सरासरीत माफकच आहे हेही तितकंच खरं. आणि पहिल्याच औषधानं पूर्ण बरं वाटणारे साधारण तीनात एक, हे अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात २००६ मध्ये दिसलं होतं. आई, तुझी पहिली गोळी लागू पडली नाही तेव्हा तू "माझ्यातच खोट आहे" म्हणून किती रडलीस. तीनातले दोघं तिथेच असतात गं. पुन्हा परिणाम दिसायलाच दोन ते सहा आठवडे, आणि त्रास मात्र पहिल्या आठवड्यात, हा सगळा मामला माणसाचा धीर सुटावा असाच आहे. तुमच्या वयात आणखी एक, या गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं, तोल जाऊन पडायला होतं, अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर रक्तस्रावाची शक्यता वाढते. म्हणून त्या टेस्ट होत्या. बाबा, त्या "उगाच बिल वाढवायला" नव्हत्या.

बोलण्याबद्दल आईची तक्रार मला पाठ आहे, घरातलं परक्या बाईला कशाला सांगायचं. आणि बाबांची, गप्पा मारायचे पैसे घेतात. पण त्या गप्पा नव्हत्या ना आई? तू मला वही दाखवली होतीस. एका रकान्यात "फोन आला नाही", पुढच्यात "मी कुणाला नकोशी झालेय", आणि त्याच्या पुढच्यात तूच लिहिलेलं, "तिची मीटिंग असेल". ही पद्धत अ‍ॅरन बेक नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९६० च्या दशकात उभी केली. त्याचं शिक्षण झालेलं फ्रॉइडच्या वळणाचं, म्हणजे मनाच्या तळाशी दडलेलं शोधायचं, तेच खरं आहे हे दाखवायला तो अभ्यास करायला गेला आणि हाती भलतंच लागलं, की माणसाच्या डोक्यात असे आपोआप विचार चालू असतात आणि ते तपासता येतात. दुसरा भाग म्हणजे मूड येण्याची वाट न बघता आधी काम करायचं, मूड मागून येतो. तुला तो पटला नव्हता तरी तू केलास, म्हणून तर मला तुझं कौतुक वाटतं.

आणि परक्या बाईचं म्हणशील तर झिंबाब्वेमध्ये दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून हे काम आज्या करतात. खरंच, आज्या. तिथे मानसोपचाराचे डॉक्टर अगदी मोजके, म्हणून डिक्सन चिबांडा नावाच्या डॉक्टरनं वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांना शिकवलं, सहा बैठका, एक अडचण निवडायची आणि तिच्यावरच काम करायचं. २०१६ मध्ये त्याची नीट चाचणी छापून आली, सहा महिन्यांनी आज्यांकडे गेलेल्यांची लक्षणं नेहमीच्या उपचारवाल्यांपेक्षा बरीच कमी होती. तिथले लोक या आजाराला "फार विचार करणं" असंच म्हणतात. तू म्हणतेस तस्संच.

पण थेरपीलाही साइड इफेक्ट असतात, हे थेरपीप्रेमी लोक सांगत नाहीत. चांगला माणूस मिळायला वेळ लागतो, जुन्या जखमा उघडून आधी जास्त त्रास होऊ शकतो. आणि कधीकधी चांगल्या हेतूनं केलेलं चक्क अंगाशी येतं. अपघात किंवा दुर्घटना झाली की लगेच माणसाला बसवून सगळं बोलायला लावायचं, म्हणजे पुढे त्रास होणार नाही, अशी एक पद्धत जोरात होती. तपासलं तेव्हा त्या एका बैठकीचा फायदा दिसेना, काही अभ्यासांत तर अशा लोकांना नंतर जास्तच त्रास झालेला दिसला. ते होतं प्रतिबंधाच्या नावाखालीच.

तर प्रतिबंध. बाबा, तुम्ही फोनवर तीनदा म्हणालात, "आधी लक्ष दिलं असतं तर हे झालंच नसतं." तुम्ही ते रागात म्हणता पण मला ऐकू येतं की तुम्ही स्वतःलाच बोलताय. ऐका. डिप्रेशन होऊच नये म्हणून आधी थेरपीसारखं काही शिकवायचं, अशा ३२ चाचण्या २०१४ मध्ये एकत्र केल्या, तर नवीन केसेस साधारण २१ टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणजे साधारण २० जणांना शिकवावं तेव्हा एकजण वाचतो. वाईट नाही, अजिबात नाही, पण उरलेल्या लोकांच्या नवऱ्यांनी लक्ष दिलं नव्हतं असा त्याचा अर्थ होत नाही. मला सगळ्यात आवडला तो नेदरलँड्समधला २००९ चा अभ्यास, पंच्याहत्तरीच्या पुढचे लोक, थोडी थोडी लक्षणं असलेले. आधी तीन महिने नुसतं लक्ष ठेवायचं, नाही सुधारलं तर घरीच पुस्तक घेऊन स्वतः करायचा अभ्यास, मग अडचणी सोडवायच्या बैठका, मग डॉक्टर. वर्षभरात आजारी पडणाऱ्यांचं प्रमाण २४ टक्क्यांवरून १२ वर आलं. निम्मं! पायरी पायरीनं, कुणालाही पहिल्याच दिवशी गोळी नाही आणि कुणाला वाऱ्यावरही सोडलं नाही.

आता आई, खरा मुद्दा, गोळी कायमची बंद करायची का. २०२१ मध्ये इंग्लंडमधून एक चाचणी आली, बरीच वर्षं गोळी घेणारी पण आता बरं वाटतंय, बंद करावी म्हणणारी माणसं, म्हणजे तूच. वर्षभरात चालू ठेवणाऱ्यांपैकी ३९ टक्के लोकांना आजार परत झाला आणि हळूहळू बंद करणाऱ्यांपैकी ५६ टक्के लोकांना. यातून तू म्हणशील चालू ठेवूनही होतोच, बाबा म्हणतील बंद करूनही ४४ टक्के ठीकच राहिले. दोघं बरोबर. पण मला एक आठवतंय ते तुम्ही दोघं कधी बोलत नाही. मी आठवीत असताना आई तीन महिने अंधाऱ्या खोलीत पडून होती, आपण त्याला अशक्तपणा म्हणायचो आणि टॉनिकं आणायचो. तो अशक्तपणा नव्हता बहुतेक. आणि जितक्या वेळा आधी झालंय तितकी परत व्हायची शक्यता वाढत जाते, म्हणून गुरुवारी हे डॉक्टरांना सांगायचंच, तू लाजशील तर मी फोनवर सांगेन. बंदच करायचं ठरलं तर तिसरा रस्ता आहे, ८ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा, म्हणजे मनात आत्ता काय चाललंय त्याकडे शांतपणे लक्ष द्यायला शिकवणारा कोर्स. ज्यांना तीन किंवा जास्त वेळा डिप्रेशन येऊन गेलंय अशा ४२४ लोकांवर बघितलं, २०१५ मध्ये छापून आलं, कोर्स करून गोळी कमी करणाऱ्यांपैकी दोन वर्षांत ४४ टक्के लोकांना आजार उलटला, गोळी चालू ठेवणाऱ्यांपैकी ४७ टक्के. म्हणजे बरोबरी. पण नुसतं डोळे मिटून बसणं नाही ते, रोजचा गृहपाठ असतो. तुला जमेल, बाबांना नाही जमणार.

बाबांवरून आठवलं. आईच्या गोळीला नावं ठेवणारे तुम्ही, रात्री झोपेची अर्धी गोळी किती वर्षं घेताय? अकरा. सवय लागते ती त्या गोळीची, आणि या वयात रात्री उठताना पडायला होतं ते तिच्यानंच. जुनाट निद्रानाशाला आधी गोळी नाही, झोपेसाठीची थेरपी द्यावी असं अमेरिकेतल्या फिजिशियन लोकांच्या संघटनेनं २०१६ मध्येच सांगितलंय. पण खबरदार, हे वाचून आजपासून एकदम बंद कराल, तुमचा स्वभाव मला माहितीये. ती अचानक सोडली तर फिटसुद्धा येऊ शकते. तीही गुरुवारीच विचारायची.

आणि ते कानाचं मशीन. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञांनी डिमेन्शियाची, म्हणजे म्हातारपणी स्मरणशक्ती आणि समज ढासळण्याची, १४ कारणं मोजली ज्यावर आपल्याला काहीतरी करता येतं, सगळी सांभाळली तर जवळपास ४५ टक्के केसेस टाळता किंवा लांबवता येतील असा त्यांचा अंदाज आहे. त्यात कमी ऐकू येणं आहे, एकटं पडणं आहे, डिप्रेशनही आहे. तुम्हाला आधीपासून काळजी घेण्याचं एवढं पटतं ना, मग तुमचा प्रतिबंध ड्रॉवरमध्ये डबीत पडलाय. आईला एक वाक्य तीनदा सांगावं लागतं, मग ती सांगायचंच सोडून देते, आणि तुम्ही म्हणता ही गप्प गप्प असते.

आई, वही घेऊन जा गुरुवारी. चक्कर कधी सुरू झाली, कधी थांबली, झोप किती, एवढंच लिही, सुवाच्य नसलं तरी चालेल.

मी गुरुवारी रात्री नऊला फोन करते. बाबा, मशीन लावून बसा, यावेळी मी ओरडणार नाहीये.

तुमची,
छोटी