माझ्या मापाचा ओटा

प्रिय मावशी,

पोळा झाला, तान्हा पोळाही झाला. एवढा पाऊस येऊन गेला तरी आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत कोरडी आहे. रोज सकाळी चहा ठेवायच्या आधी मी तिला तळहात लावून पाहते. मे महिन्यात नवा ओटा आणि भिंत झाली तेव्हाच तुमचे आभार मानणार होते, पण तुम्ही म्हणाल्या, "पानी पडू दे, मंग सांग." आता पाणी पडून गेलं, म्हणून लिहिते.

तुम्हाला वाचता येत नाही, तर हे पत्र मी तुमच्या ओसरीत बसून वाचून दाखवीनच. तरी सगळ्यांसमोर लिहिते आहे, त्याला कारण आहे. ओटा पाहायला आलेला प्रत्येक जण मिस्त्रीचं नाव घेतो. मिस्त्रीचा हात चांगला आहे, त्याचा मान त्याला. पण आधी काय करायचं, मग काय करायचं, काय कुठं आणि किती उंच, हे सगळं तुमचं होतं. तीस वर्षं तुम्ही रेजा म्हणून लोकांच्या घरावर घमेली वाहिली. त्या तीस वर्षांत कोणी तुम्हाला एक शब्द विचारला नाही आणि तुम्ही मात्र सगळं पाहून ठेवलं.

तुम्ही सूप परत द्यायला आल्या तो दिवस मला लख्ख आठवतो. दोन क्विंटल कापूस विकून आलेले 14,000 रुपये डब्यात होते. घरात ठरलं होतं की यंदा स्वयंपाकघर करायचं. वणीला एका दुकानात विचारलं तर ट्रॉल्या, पल्ले, वरची कपाटं मिळून 70,000 सांगितले, हप्त्यानं. तेवढं जमत नाही म्हणून निदान रंग तरी देऊ, असा विचार होता. आदल्या वर्षीही 2,800 रुपयांचा ऑइल पेंट मारला होता आणि दिवाळीपर्यंत त्याचे पापडासारखे पोपडे सुटले होते. तुम्ही भिंतीला नख लावलं, खालची पांढरी भुकटी जिभेवर ठेवून पाहिली आणि म्हणाल्या, "लोणा हाय हा. पैसे कलरात कायले टाकतं? आधी पानी कुठून येते ते पाय."

मग तुम्ही उंबऱ्यावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "तू भाकरी कर, मी पायतो." मला वाटलं, भूक लागली असेल. तुम्ही पाऊण तास नुसत्या पाहत होत्या. शेवटी सांगितलं, "माठापाशी सात खेपा केल्या तू. अन् पीठ मळताना तुया खांदा कानाले लागते." मावशी, लग्नाला अकरा वर्षं झाली. माझे खांदे का दुखतात हे दवाखान्यातही कोणी असं सांगितलं नव्हतं. जुना ओटा 36 इंचांचा होता. मी चार फूट दहा इंच. माझं कोपरच 36 इंचांवर येतं! बांधणाऱ्यानं सगळीकडे बांधतो तसा बांधला, आणि त्यावर रांधणारी बाई केवढी आहे हे विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही आलं नाही.

सगळ्यात आधी तुम्ही मला शिडीवर चढवलं. छपराची कवेलू दर उन्हाळ्यात फेरतो आम्ही, पण मागच्या बाजूची फुटकी तशीच राहत होती. ती बदलली. मग तुम्ही मला घराच्या मागं नेलं. तिथं भिंतीला लागून हातभर काळी माती साचलेली होती आणि मोरीचं पाणी तिच्यातच मुरत होतं. ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसते, भिंतीला भेगा पाडते आणि वर ओलही चढवते. ऑइल पेंटनं त्या ओलीची बाहेर पडायची वाट बंद केली होती, म्हणून ती पेंटच फुगवत होती. दोन दिवस आम्ही दोघींनी माती ओढली, उतार काढला, नाली केली. त्याला पैसा लागला नाही. पेंट खरवडून एप्रिलचं पूर्ण ऊन भिंतीला खाऊ दिलं. मला घाई होती, पाहुणे यायचे होते. तुम्ही ऐकलं नाही. बरं झालं.

ओट्याचं माप घेतलं तो प्रसंग तर मी मुलीला दोनदा सांगितला. तुम्ही मला चपला काढून भिंतीजवळ उभं केलं, कोपरातून हात वाकवायला लावला, कोपराखाली चार बोटं धरून कोळशानं रेघ ओढली. ती पीठ मळायची, भाजी चिरायची बाजू. शेगडीची बाजू त्याहूनही पाच इंच खाली घेतली, कारण शेगडीची स्वतःचीच उंची असते, वर कढई चढली की आतलं दिसत नाही. मिस्त्री म्हणाला, असा दोन उंचीचा ओटा कुठं असते का? तुम्ही म्हणाल्या, "पाह्यला नसन, आता पाय." आज फोडणी देताना मला कढईचा तळ दिसतो. आधी मी टाचा उचलून पाहत होते.

कडप्पा तुम्हीच शोधला, गावात पाडलेल्या एका घराचा, दोन फरश्या 1,200 रुपयांत. एकीचा कोपरा उडालेला होता, तो तुम्ही भिंतीकडे लपवला. ओट्याखाली पल्ले लावू दिले नाहीत. सिलिंडर बाजूला मोकळं उभं आहे. ते बरंच झालं, गॅस हवेपेक्षा जड असतो, गळलाच तर खाली साचतो, बंद कपाटात तर फारच वाईट. शेगडी हलवली तेव्हा माझ्या लक्षात आलं की केशरी नळी 2017 ला उज्ज्वलाची जोडणी मिळाली तेव्हाचीच आहे. ती पाच वर्षांत बदलायची असते. त्याच दिवशी नवी आणली. तुमच्याही घरची पाहून घ्या, मावशी.

चुन्याचं तर काय सांगू! वणीजवळच राजूरच्या भट्ट्या, आणि मी शहरातल्या डब्यातल्या रंगासाठी पैसे मोजत होते. तुम्ही कळीचा चुना आणवला, ड्रमात पाणी घेऊन त्यात थोडाथोडा सोडला, डोळ्यांत उडू नये म्हणून पोरांना अंगणाबाहेर काढलं. ड्रम हाताला चटका बसेल एवढा तापला, आत खदखदत होतं. चार दिवस भिजू दिला, गाळला, चिमूटभर नीळ आणि डिंकाचं पाणी घातलं. भिंत आधी ओली केली आणि पातळ हात मारला. मला भिंतीवर काहीच दिसेना, नुसती ओली भिंत. मी म्हटलं, मावशी, घट्ट करा ना थोडा. तुम्ही म्हणाल्या, "बस इथं." आम्ही दोघी पाटावर बसलो. वरच्या कोपऱ्यातून पांढरं व्हायला लागलं. कोरडं होत जाईल तसतसं ते खाली उतरत गेलं, दूध पसरावं तसं. असे तीन हात.

वर दोन काचेची कवेलू बसवली. अकराच्या सुमारास उन्हाचा एक तुकडा बरोबर परातीत येतो. दिवसा लाईट लावावा लागत नाही.

सगळं मिळून 12,640 रुपये झाले. मिस्त्रीला दिवसाचे 800 दिले, तुम्हाला 350. गावात तोच भाव आहे म्हणून तुम्ही जास्त घेतले नाहीत, आणि सांगण्याचे पैसे म्हटल्यावर तर रागावल्या. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

ड्रमात तळाशी पाच-सहा किलो चुना उरला आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणे वर चार बोटं पाणी ठेवलं आहे, एकदाही सुकू दिला नाही. तुमच्या चुलीमागची भिंत काळी आहे. धुण्याचा सोडा, ब्रश आणि शिडी घेऊन मी घटस्थापनेच्या आधीच्या रविवारी येते. त्या दिवशी उंबऱ्यावर मी बसेन आणि तुम्ही भाकरी करा. मला तुमचंही माप घ्यायचं आहे.

तुमच्या मागच्या गल्लीतली,
सूपवाली पोरगी