जुन्या सलून मोटारींच्या शर्यती कोणाच्या बळावर चालतात?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या मोटारींच्या छंदाविषयी अलीकडे प्रसिद्ध झालेला लेख इंग्लंडमधील आम्हा काही मराठी वाचकांनी आवर्जून वाचला. संग्रहालये, लिलाव आणि राजेरजवाड्यांच्या मोटारी यांची माहिती त्यात चांगली आली आहे. मात्र जुन्या मोटारींच्या शर्यती हा निव्वळ धनिकांचा शौक असून अशा मोटारी काचेमागे ठेवणेच शहाणपणाचे, असे जे मत त्यात जाता जाता मांडले आहे, ते मला पटले नाही. मी लेस्टरशायरमध्ये राहतो आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतींच्या ट्रॅकवर विनामोबदला मार्शल, म्हणजे झेंडे दाखवून चालकांना सावध करणारा आणि ट्रॅक सुरक्षित ठेवणारा स्वयंसेवक, म्हणून काम करतो. त्या नात्याने सलून मोटारींच्या ऐतिहासिक शर्यतींची बाजू वाचकांपुढे मांडण्याची परवानगी द्यावी, ही विनंती.

सलून मोटार म्हणजे घरगुती वापराची, बंद टपाची गाडी. आपल्याकडे जिला सेडान म्हणतात ती, आणि मिनीसारखी छोटी गाडीही. अशा गाड्यांची ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा १९५८ मध्ये सुरू झाली. पहिल्याच वर्षी जॅक सीअर्स आणि टॉमी सॉपविथ यांचे गुण समसमान झाले. नाणे उडवून निकाल लावण्याची कल्पना दोघांनाही रुचली नाही, तेव्हा ब्रँड्स हॅचच्या ट्रॅकवर दोन सारख्या रायली १.५ गाड्या आणून दोघांमध्ये पाच-पाच फेऱ्यांच्या दोन झुंजी लावण्यात आल्या, आणि गाडीच्या गुणदोषाचा लाभ कोणा एकालाच मिळू नये म्हणून दुसऱ्या झुंजीत गाड्यांची अदलाबदल केली गेली. दोन्ही झुंजींची वेळ मिळवल्यावर सीअर्स अवघ्या १.६ सेकंदांनी विजेते ठरले. या खेळाचा पाया कशा वृत्तीच्या माणसांनी घातला, हे या एका प्रसंगावरून कळते.

पुढच्या पंधरा वर्षांत या स्पर्धेत जे घडले, ते आजही ऐकणाऱ्याला नवल वाटावे असे आहे. १९६२ चे अजिंक्यपद ऱ्होडेशियाच्या (आजच्या झिम्बाब्वेच्या) जॉन लव्ह यांनी मिनी कूपरमध्ये मिळवले. १९६३ मध्ये सात लिटर इंजिनाची अवाढव्य अमेरिकन फोर्ड गॅलक्सी सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर उतरली आणि तोवर अजिंक्य वाटणाऱ्या जग्वार गाड्यांचे वर्चस्व तिने मोडून काढले. १९६४ मध्ये जिम क्लार्क लोटस कॉर्टिनामधून अजिंक्य झाले; १९६३ आणि १९६५ ही दोन फॉर्म्युला वन विश्वविजेतेपदे मिळवणारा हा चालक मधल्या वर्षी दुकानात विकत मिळणाऱ्या गाडीच्या जातीची गाडी, वळणावर तिचे आतल्या बाजूचे पुढचे चाक हवेत उचलले जाईल इतक्या वेगाने, हाकत होता. आणि १९७० ते १९७२ अशी सलग तीन वर्षे बिल मॅकगव्हर्न यांनी एक लिटरपेक्षाही लहान इंजिनाच्या सनबीम इम्पमध्ये (हिल्मन इम्पच्याच भावंड गाडीत) सर्वांवर मात केली. गाड्यांचे इंजिनाच्या आकारानुसार गट पाडलेले असून गुण ज्या त्या गटातील क्रमांकावरून मिळत असल्यामुळे हे शक्य झाले, हे खरे. पण तीन वर्षे सातत्याने आपला गट जिंकत राहणे ही काही नियमांची कृपा नव्हे. स्कॉटलंडमधील लिनवुड येथे तयार झालेली, मागच्या बाजूला ॲल्युमिनियमचे इंजिन असलेली ही गाडी बाजारात कंपनीच्या अपेक्षेइतकी कधीच चालली नाही. तिची थोरवी शर्यतीतच सिद्ध झाली.

माझ्या म्हणण्याचा गाभा येथेच आहे. एखादी जुनी फेरारी तिच्या किमतीमुळेच सुरक्षित राहते; तिला कोणी भंगारात घालणार नाही. फोर्ड अँग्लिया, हिल्मन इम्प किंवा ऑस्टिन ए३५ यांना असे कवच कधीच नव्हते. त्या लाखांनी बनल्या आणि लाखांनी गंजून गेल्या. इम्पच सुमारे ४ लाख ४० हजार तयार झाल्या होत्या, आणि आज रस्त्यावर एखादी दिसली तर लोक थांबून पाहतात. शर्यतीत वापरलेल्या गाड्यांची अवस्था तर आणखी बिकट होती, कारण हंगाम संपला की त्या खालच्या दर्जाच्या शर्यतींत जात, तेथे ठोकरल्या जात आणि शेवटी सुटे भाग काढून घेऊन टाकून दिल्या जात. आज ज्या उरल्या आहेत किंवा नव्याने उभ्या केल्या गेल्या आहेत, त्या केवळ कोणाला तरी त्यांच्याविषयी जिव्हाळा होता म्हणून. मिनीचा नवा सांगाडा ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था मूळच्या साच्यांवर अजूनही बनवते. इम्पच्या मालकांना मात्र आपल्या क्लबवर आणि एकमेकांच्या शेडमधील साठ्यावरच विसंबावे लागते.

अशी गाडी काचेमागे ठेवली तर काय शिल्लक राहते, याचाही विचार व्हावा. तिचा रंग आणि आकार राहील. पण पुढच्या चाकांवर चालणारी मिनी वळणात ब्रेक न दाबता आडवी फेकून तिचा वेग कसा कमी करतात, त्या वेळी टायरमधून धूर का निघतो, त्या काळातले मिनीचे नामांकित चालक जॉन ऱ्होड्स ही करामत फेरीमागून फेरी कशी करत असतील, हे उभी गाडी पाहून कोणालाही समजणार नाही. इंजिनाला हवा-पेट्रोलचे मिश्रण पुरवणारे दोन कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवून घेण्याचे, थंड इंजिन न दुखावता तापवण्याचे, गिअरबॉक्सच्या आवाजावरून तिची प्रकृती ओळखण्याचे कसब हातांत असते, आणि हात चालत राहिले तरच ते पुढच्या पिढीकडे जाते. विलंबित ख्याल ध्वनिमुद्रिकेवर कितीही जपून ठेवला तरी गुरूसमोर बसून गाणारा शिष्य नसेल तर घराणे संपते, तसेच हे आहे.

या शर्यतींचे नियम हे स्वतःच जतनाचे एक साधन आहेत. एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमावलीतील ‘परिशिष्ट के’ असे सांगते की गाडी तिच्या काळात ज्या स्वरूपात मान्यता घेऊन धावत होती, त्याच स्वरूपात धावली पाहिजे. त्यासाठी प्रत्येक गाडीला एक तांत्रिक पासपोर्ट असतो, आणि व्हॉल्व्हच्या व्यासापासून वजनापर्यंतची माहिती त्या काळातील मान्यतापत्रांशी ताडून पाहिली जाते. १९६६ पूर्वीच्या गाड्यांना जुन्या घडणीचेच टायर वापरावे लागतात, म्हणून त्या आजही घसरत, झुलत, चालकाची परीक्षा पाहत वळतात. हे सारे पाळले जाते असा दावा मी करणार नाही. आजचे कुशल कारागीर त्याच इंजिनातून क्लार्क यांच्या काळापेक्षा कितीतरी अधिक शक्ती काढतात, त्यामुळे खर्च वाढतो आणि बेताच्या मिळकतीचा माणूस मागे पडतो. क्लबांनी तपासणी अधिक कडक केली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता धनिकांच्या शौकाविषयी. दक्षिण इंग्लंडमधील गुडवूडचा ट्रॅक १९४८ मध्ये सुरू झाला, १९६६ मध्ये तेथील शर्यती थांबल्या आणि १९९८ मध्ये ‘रिव्हायव्हल’ या नावाने त्या पुन्हा सुरू झाल्या. तेथील सेंट मेरीज ट्रॉफी ही सलून गाड्यांची शर्यत दोन भागांत होते. एका भागात नामवंत चालक बसतात आणि दुसऱ्यात बहुधा गाडीचे मालक. तेथे पैसा दिसतो, हे मी नाकारत नाही. परंतु वर्षभराचा खेळ गुडवूडवर चालत नाही. तो मॅलरी पार्क, कॅडवेल पार्क, स्नेटर्टन, कॅसल कूम अशा ठिकाणी, हिस्टॉरिक स्पोर्ट्स कार क्लब किंवा क्लासिक टूरिंग कार रेसिंग क्लब यांसारख्या सभासदांच्या बळावर उभ्या असलेल्या संस्थांच्या साध्या शर्यतमेळाव्यांत चालतो. तेथे गाडी मालकाने स्वतः, मित्राच्या मदतीने, घरच्या गॅरेजात तयार केलेली असते. सरावात एखाद्याचा हाफ शाफ्ट (चाकाला गती देणारा दांडा) तुटला तर दुसरा बहुधा शेजारच्या प्रतिस्पर्ध्याच्याच व्हॅनमधून येतो, कारण समोर लढायला कोणी नसेल तर शर्यत कशाची, हे सर्वांना ठाऊक असते. प्रेक्षकांना गाड्यांजवळ जाऊन मेकॅनिकशी बोलता येते. मुलांना चालकाच्या आसनावर बसवणारे मालक मी पुष्कळ पाहिले आहेत.

आणि मार्शल नसतील तर एकही गाडी सुटत नाही. ठरलेल्या संख्येने मार्शल आणि वैद्यकीय पथक हजर असल्याखेरीज शर्यत सुरू करता येत नाही, आणि ब्रिटनमधील हे मार्शल पगार घेत नाहीत. नारिंगी पोशाख घालून सकाळपासून ऊन-पावसात उभे राहायचे. धोक्याला पिवळा झेंडा, मागून वेगवान गाडी येत असल्यास निळा, ट्रॅकवर तेल सांडले असल्यास लाल-पिवळ्या पट्ट्यांचा. ऐतिहासिक सलून शर्यतीत निळ्या झेंड्याला विश्रांती नसते, कारण सरळ पट्ट्यात फोर्ड फाल्कनसारखी मोठी अमेरिकन गाडी मिनीला दूर टाकते आणि वळणावळणांत मिनी तिला पुन्हा गाठते. जुनी इंजिने तेलही सढळ हाताने सांडतात, त्यावर सिमेंटची भुकटी टाकून झाडणे हेही आमचेच काम. ही माणसे वयाने वाढत चालली आहेत, नव्या दमाचे लोक पुरेसे येत नाहीत, आणि माझ्या मते या खेळापुढचे सर्वांत मोठे संकट हेच आहे. पैसे देणारा एखादा प्रायोजक गेला तर दुसरा शोधता येतो. पावसात उभा राहणारा माणूस पैशाने उभा राहत नाही.

बाहेरून आलेल्या संकटांना या मंडळींनी कसे तोंड दिले, त्याची दोन उदाहरणे देतो. स्लोव्हेनियात गवताच्या कोठारात ट्रॅक्टरच्या ट्रेलरचा धक्का लागून एक कामगार शिडीवरून पडला. त्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये असा अर्थ लावला की खासगी जागेत चालणाऱ्या वाहनालाही सक्तीचा विमा लागू होतो. हा निर्णय जसाच्या तसा अमलात आला असता तर ब्रिटनमधील मोटारशर्यती विम्याच्या ओझ्याखाली बंद पडल्या असत्या. अनेक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर ब्रिटिश संसदेने २०२२ मध्ये कायदा करून ती तरतूद तेथे लागू राहणार नाही, असे ठरवले. दुसरा प्रश्न आवाजाचा. उत्तर इंग्लंडमधील क्रॉफ्ट ट्रॅकच्या शेजाऱ्यांच्या दाव्यात न्यायालयाने २००९ मध्ये मोठ्या आवाजाच्या दिवसांवर वर्षाला ४० ची मर्यादा घातली. मी शेजाऱ्यांना दोष देत नाही; शांततेचा त्यांचा हक्क खरा आहे. म्हणूनच सायलेन्सरचे नियम आम्ही काटेकोर पाळले पाहिजेत. इंधनाबाबत सांगायचे तर गुडवूड रिव्हायव्हलमधील सर्व शर्यती २०२४ मध्ये किमान ७० टक्के शाश्वत घटक असलेल्या इंधनावर झाल्या, आणि साठ वर्षांपूर्वीची इंजिने त्यावर व्यवस्थित धावली.

आपले वृत्तपत्र ब्रिटनमधील अनेक मराठी कुटुंबे इंटरनेटवर वाचतात. लेस्टर, कॉव्हेंट्री, मिल्टन कीन्स या भागांत राहणाऱ्यांच्या घरापासून गाडीने तासाभराच्या आत एखादा ट्रॅक नक्की आहे. त्यांनी क्लबचा एखादा शर्यतमेळावा पाहायला यावे. तिकिटाचे पैसे थेट या खेळाच्या उपयोगी पडतात. ज्यांना शक्य आहे त्यांनी मोटरस्पोर्ट यूके या नियामक संस्थेकडे मार्शल म्हणून नाव नोंदवावे. नोंदणीला शुल्क नाही, प्रशिक्षण दिले जाते, आणि मोटारीचे ज्ञान असण्याची अट नाही.

महाराष्ट्रातील वाचकांकडेही एक मागणे आहे. इंग्लंडमध्ये हे पुनरुज्जीवन शक्य झाले, कारण मान्यतापत्रे, निकालपत्रके आणि छायाचित्रे कोणी तरी सांभाळून ठेवली होती. आपल्याकडे चेन्नईजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या फियाट ११०० गाड्या शर्यतीत धावत, आणि मुंबईचे चालक व मिस्त्री त्यासाठी तेथवर जात. ते १०८९ सीसीचे इंजिन शर्यतीसाठी कसे तयार करत, कोणता कॅमशाफ्ट घालत, ब्रेक तापल्यावर काय उपाय करत, हे सांगू शकणारी माणसे आता उतारवयात आहेत. मुंबईच्या रस्त्यांवरून याच फियाटच्या वंशातली पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये निघून गेली, तेव्हा तिच्यावर भरपूर लिहिले गेले. शर्यतीतल्या फियाटविषयी मात्र मराठीत फारसे काही वाचायला मिळत नाही. अशा मिस्त्रींच्या, चालकांच्या किंवा त्यांच्या कुटुंबीयांच्या जवळ जी छायाचित्रे, वह्या आणि आठवणी असतील, त्या त्यांनी आपल्याकडे पाठवाव्यात, आणि आपण त्यांना पुरवणीत क्रमशः जागा द्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला नम्र,
एक मराठी वाचक
लेस्टरशायर, इंग्लंड