तोतया पकडला गेला नाही, म्हणजे सुटला असे नव्हे

महोदय,

‘द टॅलेंटेड मिस्टर रिप्ले’ या १९९९ च्या चित्रपटात खुनी तोतया शेवटपर्यंत पोलिसांच्या हाती लागत नाही, म्हणून इटलीतल्या श्रीमंती झगमगाटात गुन्ह्याचे उदात्तीकरण होते, असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. तो मला अन्यायकारक वाटतो.

पॅट्रिशिया हायस्मिथ यांच्या १९५५ च्या मूळ कादंबरीत टॉम रिप्ले हा तोतया डिकी ग्रीनलीफ या श्रीमंत तरुणाचा खून करून त्याच्या नावाने वावरतो आणि त्याची मालमत्ता पदरात पाडून निसटतो. त्याच कादंबरीवरील रेने क्लेमाँ यांच्या १९६० च्या फ्रेंच चित्रपटात नौकेच्या दोराला अडकलेले प्रेत पाण्याबाहेर येते आणि त्याचे बिंग फुटते. प्रेक्षकाला न्याय मिळाल्याचे समाधान लाभते खरे, परंतु हे सापडणे योगायोगाचे असते. टॉमच्या स्वभावातून ते येत नाही.

दिग्दर्शक अँथनी मिंगेला यांनी १९९९ च्या चित्रपटात जे केले ते मला अधिक कठोर वाटते. कादंबरीत नसलेली मेरेडिथ ही श्रीमंत तरुणी त्यांनी निर्माण केली. इटलीच्या बंदरात उतरताच टॉम तिला आपले नाव डिकी ग्रीनलीफ असे सांगतो. तोवर त्याच्या हातून कोणाचाही जीव गेलेला नसतो. उसन्या कोटामुळे आधी एका मेजवानीत चुकून मिळालेली प्रतिष्ठा आणखी थोडा वेळ उपभोगावी, एवढाच त्याचा मोह असतो. म्हणूनच तो झगमगाट चित्रपटात आवश्यक आहे, कारण त्याची भूल आपल्याला पडली नाही तर टॉमचा मोहही कळणार नाही. डिकीचा मित्र फ्रेडी रोममधल्या घरात संशयाने एकेक वस्तू न्याहाळू लागतो, तेव्हा आपण नकळत खुन्याच्याच बाजूने श्वास रोखतो, आणि ही अस्वस्थता दिग्दर्शकाने जाणूनबुजून दिलेली आहे.

शेवटी एकाच जहाजावर त्याला डिकी म्हणून ओळखणारी मेरेडिथ आणि टॉम म्हणून ओळखणारा, त्याच्यावर मनापासून प्रेम करणारा पीटर असे दोघेही असतात. मेरेडिथबरोबर तिचे नातलग असल्यामुळे तिला गप्प करणे शक्य नसते, म्हणून ज्या एकमेव माणसाजवळ त्याला खऱ्या नावाने जगता आले असते, त्याचाच गळा तो आवळतो. बंदरात सहज बोललेल्या त्या पहिल्या खोट्याची ही किंमत आहे. याला सुटका म्हणणाऱ्यांनी केबिनमधला तो प्रसंग पुन्हा एकदा पाहावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक चित्रपटप्रेमी वाचक