हशा समोरच्याला मिळाला, त्याबद्दल आभार

आदरणीय यूजीन लेवी यांस,

सप्रेम नमस्कार.

कॅनडातल्या ज्या हॅमिल्टनमध्ये १९४६ साली तुमचा जन्म झाला, तिथंच मी नोकरीनिमित्त राहतो. इथली आम्ही काही मराठी मंडळी गणपतीत एकांकिका करतो. यंदा माझ्या वाट्याला बँक मॅनेजर आला. सगळे लाफ्टर समोरच्या कर्जदाराचे, मी फाइल धरून ऐकायचं. तालमीत मी तोंडं वेडीवाकडी करून, मधेच शब्द घुसडून थोडा हशा माझ्याकडे ओढू लागलो. प्रवेश पडायला लागला. समोरच्या गुणी नटाचं टायमिंग माझ्यामुळे बिघडतंय हे दिसत होतं, पण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं.

त्याच दिवसांत ‘एससीटीव्ही’ या तुमच्या विनोदी टीव्ही कार्यक्रमाचे जुने भाग पाहिले. १९७६ साली सुरू झालेला तो कार्यक्रम तुम्ही मंडळी स्वतःच लिहायचा आणि स्वतःच करायचा. त्यातला तुमचा वृत्तनिवेदक अर्ल कॅमेम्बर्ट! शेजारी नट जो फ्लॅहर्टी यांचा फ्लॉइड रॉबर्टसन मोठमोठ्या बातम्या वाचतोय आणि अर्लच्या हातात किरकोळ काहीतरी. तरी तो ती जगबुडीची बातमी असावी तशी वाचतो. लेखणी हातात असूनही तुम्ही स्वतःसाठी पडती बाजू घेतलीत, याचं मला फार अप्रूप वाटलं. त्या लेखनाला १९८२ आणि १९८३ अशी लागोपाठ दोन वर्षं एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचं मोठं पारितोषिक, मिळालं.

मग ‘शिट्स क्रीक’. मुलाबरोबर, डॅनबरोबर, तुम्ही उभी केलेली ही मालिका. सगळं गमावून एका लहानशा गावातल्या मोटेलच्या दोन खोल्यांत आलेला तुमचा जॉनी रोझ रोज सूट घालतो. त्याची बायको, कॅथरीन ओहारांची मोइरा, एकेक शब्द ताणून बोलत असते आणि तुम्ही फक्त ऐकता. त्या भुवया थोड्या वर जातात, बस्स. म्हणूनच दुसऱ्या सीझनच्या शेवटी, जुने श्रीमंत मित्र त्या गावाची टिंगल करतात तेव्हा जॉनी बोलायला लागतो, आणि अंगावर काटा येतो. इतके दिवस हा माणूस सगळं ऐकत होता, साठवत होता, हे तेव्हा समजतं. २०२० मध्ये, ७३ व्या वर्षी, याच भूमिकेसाठी तुम्हाला अभिनयाचं पहिलं एमी मिळालं. आजवरच्या सर्वांत गंभीर भूमिकेला विनोदी अभिनयाचं पारितोषिक, असं तुम्ही स्वतःच मंचावर म्हणालात.

पुढच्या तालमीपासून मी कर्जदाराचं खरोखर ऐकायला लागलो. त्याचं कर्ज बुडणार याची मॅनेजरला वाटावी तेवढी काळजी केली, बाकी काही नाही. प्रयोगाच्या दिवशी त्याच्या एका वाक्यावर हशा आला, थांबतोय असं वाटलं, आणि प्रेक्षकांची नजर माझ्याकडे वळताच पुन्हा उसळला.

प्रयोगानंतर सगळे त्याच्याभोवती जमले होते. मी विंगेत फाइल घेऊन उभा होतो आणि खूप आनंदात होतो.

मनापासून आभार.

आपला,
हॅमिल्टनचा एक हौशी नट