अठरा महिने तिकडचे, बारा महिने इकडचे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शिक्षण पुरवणीत गेल्या आठवड्यात परदेशी शिक्षणावर जो लेख आला, त्यात जर्मनीविषयी एक वाक्य होते : पदवी मिळाल्यावर नोकरी शोधण्यासाठी १८ महिने राहता येते. वाक्य बरोबर आहे, त्यात खोटे काही नाही. फक्त आमची मुलगी तिथली पदवी घेऊन नोकरी शोधते आहे आणि तिच्या त्या अठरांपैकी दहा महिने सरले आहेत. लेख वाचून सौ. म्हणाली, "त्यांना म्हणावं, पुढचंही छापा." म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द. मी एका बँकेतून ३४ वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झालो. शेवटची सहा वर्षे कर्ज विभागात होतो. परदेशी शिक्षणाच्या कर्जाच्या फायली माझ्याच टेबलावरून जायच्या. समोर बसलेला बाप घाम पुसत विचारायचा, "साहेब, हप्ता कधीपासून?" आणि मी सवयीने सांगायचो, "कोर्स होईपर्यंत नाही, त्यानंतरही वर्षभर नाही. तोवर लागते की नोकरी!" चहा मागवायचो. आता त्या खुर्चीत मी स्वतः बसलो आहे आणि समोरचा तरुण अधिकारी मला तेच वाक्य ऐकवतो. चहासुद्धा मागवतो.

मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर. दोन वर्षे चाकणला नोकरी केली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये मास्टर्ससाठी बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, स्टुटगार्टपासून तासाभरावरच्या एका गावात गेली. जर्मनीत सरकारी विद्यापीठात फी नसते असे सगळे सांगतात. बहुतेक राज्यांत ते खरेच आहे, पण हे राज्य २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सहामाहीला १,५०० युरो घेते. शिवाय व्हिसाच्या आधी वर्षभराच्या खर्चाचे १०,३३२ युरो तिथल्या खात्यात अडकवून ठेवावे लागले. त्यातून महिन्याला ८६१ युरो मोकळे व्हायचे. तेव्हा युरो ८० रुपयांच्या आसपास होता. आज तो शंभरी ओलांडून गेला आहे आणि अडकवायची रक्कमही ११,९०४ झाली आहे. म्हणजे आता जो बाप त्या खुर्चीत बसेल त्याचा आकडा माझ्यापेक्षा मोठा असणार. चार सहामाह्यांचा अभ्यासक्रम पाच सहामाह्यांवर गेला, कारण शेवटचा प्रबंध एका कंपनीत करायचा होता. तिकडे हे सर्रास होते. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला. पेढे वाटले.

आता त्या १८ महिन्यांविषयी. तिथल्या विद्यापीठाची पदवी घेतलेल्या परदेशी विद्यार्थ्याला पदवीला साजेशी नोकरी शोधण्यासाठी जास्तीत जास्त १८ महिन्यांचा परवाना मिळतो. पूर्वी ही मुदत एक वर्ष होती, २०१२ मध्ये ती दीड वर्ष झाली. या काळात कोणतेही काम कितीही तास करता येते. विद्यार्थी असताना वर्षाला १४० पूर्ण दिवसांची जी मर्यादा असते ती उठते. खर्चाची सोय आणि आरोग्य विमा मात्र दाखवावा लागतो. १८ महिने संपले की या कारणासाठी परवाना पुढे वाढत नाही. दुसऱ्या देशांच्या मानाने ही वागणूक उदार आहे, हे कबूल करायला हवे. अमेरिकेत पदवीनंतरच्या पहिल्या वर्षात मिळून ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही, आणि ब्रिटन आपली दोन वर्षांची मुदत जानेवारी २०२७ पासून दीड वर्षावर आणणार आहे.

पण अठराचे अठरा महिने हातात पडत नाहीत. मुलीने अर्ज केला तो निकालाच्या आठवड्यात. तिच्या गावच्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात भेटीची वेळ मिळेपर्यंत मे उजाडला आणि कार्ड हातात आले तेव्हा जून संपत आला होता. मधल्या काळात तिच्याकडे एक हिरवट घडीचा तात्पुरता कागद होता. तो कायदेशीर असतो, पण कंपनीतली बाई तो उलटसुलट करून पाहायची आणि म्हणायची, कार्ड आल्यावर बोलू. कार्डावरची मुदत निकालापासून मोजलेली, सप्टेंबर २०२६ पर्यंत. तीन महिने तिथेच गेले. विद्यार्थी नाही म्हणून वसतिगृह सोडावे लागले आणि विम्याचा हप्ताही वाढला.

आणि मग सुरू झाले 'लायडर'. जर्मनमध्ये त्याचा अर्थ 'खेदाने' किंवा 'दुर्दैवाने' असा काहीसा. नकाराच्या प्रत्येक मेलमध्ये तो शब्द असतो, बहुधा दुसऱ्या वाक्यात. मुलगी एका एक्सेलमध्ये सगळे अर्ज नोंदवते : तारीख, कंपनी, पद, आणि शेवटच्या रकान्यात लाल रंगात 'ला.' डिसेंबरअखेर २१४ ओळी झाल्या होत्या. त्यातल्या नऊ ठिकाणी मुलाखतीपर्यंत मजल गेली. आमच्याकडे आता रोज संध्याकाळी फोनवर तिची आई विचारते, "आज लायडर आलं का गं?" आणि ती सांगते, "दोन आली, आई." हसतात दोघी. मी आतल्या खोलीत जाऊन पेपर वाचतो.

पोरीत काही कमी आहे असे बापाला वाटणार नाहीच, पण बाजाराचे आकडे कुणीही पाहावेत. ती ज्या गाड्यांच्या उद्योगासाठी गेली, त्याच उद्योगात फोक्सवागनने डिसेंबर २०२४ मध्ये २०३० पर्यंत ३५ हजार जागा कमी करण्याचा समझोता केला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या झेडएफने १४ हजारांपर्यंत जागा घटवण्याचे जाहीर केले, आणि बॉशने सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी १३ हजारांचे. यातल्या दोन कंपन्या त्याच राज्यातल्या. वीस वर्षांचा अनुभव असलेले तिथलेच अभियंते रांगेत उभे असताना सांगलीच्या नव्या पदवीधराचा अर्ज कितव्या नंबरवर जाणार?

दुसरे कारण भाषा, आणि इथे चूक आमची आहे. शिक्षण इंग्रजीतून होते. ज्या सल्लागाराकडे आम्ही ६० हजार मोजले, तो म्हणाला होता, "जर्मन तिकडे गेल्यावर आपोआप येते." आपोआप येते ते दूध-भाजी आणण्यापुरते. भाषेच्या पायऱ्या ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन अशा चढत जातात. नोकरीच्या जाहिरातीत बी-टू मागतात, कधी सी-वनही. मुलगी इथून ए-वन करून गेली होती. तिथे अभ्यास, अर्धवेळ काम आणि स्वयंपाक यात जेमतेम बी-वन झाले. नऊपैकी सहा मुलाखतींत पहिली पाच मिनिटे छान गेली, नंतर समोरचा माणूस वेगात जर्मन बोलू लागला आणि ती "कृपया पुन्हा सांगाल का?" म्हणत राहिली. आता ती पहाटे साडेतीनला उठून एका बेकरीत ब्रेत्सेल नावाचे पाव भाजते, दुपारी बी-टूच्या वर्गाला जाते आणि रात्री अर्ज करते. बेकरीतली म्हातारी मालकीण स्थानिक बोलीत बोलते आणि चूक झाली की लगेच सुधारते. मुलगी म्हणते, वर्गात शिकले नाही तेवढे तिच्याकडून शिकले. पण बेकरीच्या कामावर पुढचा परवाना मिळत नाही. त्याला पदवीचे काम लागते, आणि ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांचा कामाचा परवाना, हवे तर पगाराची अटही आहे. नव्या पदवीधरासाठी ती २०२५ मध्ये वर्षाला सुमारे ४३,७६० युरो होती.

आता माझ्या टेबलाकडे येतो, कारण या पत्राचे खरे कारण तेच आहे. जर्मन सरकार नोकरी शोधायला १८ महिने देते. माझ्या मुलीच्या कर्जाच्या कागदावर अभ्यासक्रमानंतर १२ महिन्यांची सूट आहे, काही बँका तर सहाच महिने देतात. म्हणजे एप्रिल २०२६ मध्ये हप्ता सुरू होणार आणि परवाना संपणार सप्टेंबरमध्ये. ज्या सहा महिन्यांत ती सर्वांत जास्त अडचणीत असेल, त्याच सहा महिन्यांत बँक दारात. २० लाखांचे कर्ज व्याज धरून साडेपंचवीस लाखांवर गेले आहे. दहा वर्षांच्या मुदतीने हप्ता ३४ हजारांच्या घरात. माझी पेन्शन ४१ हजार. तीन हप्ते थकले की खाते एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होते आणि मुलीचा व सहकर्जदार म्हणून माझा, दोघांचाही सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या पतीचा गुणांक, जातो. हे वाक्य मी असंख्य लोकांना सांगितले आहे, त्यामुळे मला पाठ आहे.

पोरीने परवा हिशोब केला : ३४ हजार म्हणजे सव्वातीनशे युरो. "बाबा, बेकरीत आठवड्याला दोन पाळ्या वाढवते, तुम्ही काळजी करू नका." वाढवेल ती. पण पाळ्या वाढल्या की दुपारचा वर्ग जाईल आणि रात्री लिहिली जाणारी पत्रे कमी होतील. बँकेचा हप्ता भागेल आणि बँकेचे मूळ तारण, म्हणजे तिची नोकरी, लांबेल. कर्ज अधिकारी म्हणून सांगतो, हा व्यवहार बँकेच्याही तोट्याचा आहे.

मागणी मोठी नाही. परदेशी पदवीनंतर नोकरी शोधण्याचा सरकारी परवाना ज्याच्याकडे आहे, त्याने त्याची झेरॉक्स दिली की परवान्याच्या तारखेपर्यंत हप्ता पुढे ढकलावा. व्याज चढू द्या, आम्ही त्याला नाही म्हणत नाही. अभ्यासक्रम लांबला तर मुदत वाढवून देण्याची तरतूद आताही आहे. तिच्याच शेजारी ही एक ओळ बसवायची आहे. बँकांची संघटना असलेल्या इंडियन बँक्स असोसिएशनने शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत ती घातली तर शाखेतल्या पोरांना वरिष्ठांची मिनतवारी करावी लागणार नाही. माझ्याकडे अशा फायली यायच्या तेव्हा हे मला का सुचले नाही, याचे उत्तर माझ्याकडे नाही. त्या बापांची नावे मात्र आठवतात.

आणखी एक. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने याच बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. परिचारिका, वीजतंत्री, प्लंबर, वाहनचालक अशांसाठी. त्यात जर्मन भाषेचे प्रशिक्षण आधी, जाणे नंतर. प्लंबरला भाषा आल्याशिवाय पाठवायचे नाही हे सरकारला कळते. वीस लाख घेऊन जाणाऱ्या इंजिनिअरला ते सांगायला कुणी नाही, कारण त्याच्या जाण्यावर कमिशन आहे. जर्मन शिकायला पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे. आमच्यासारख्या गावात निदान ऑनलाइन वर्ग तरी आहेत. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापासून कुणी लागला तर जाण्याआधी बी-टू होऊ शकते. आपल्या पुरवणीने पुढच्या लेखात विद्यापीठांच्या क्रमवारीला अर्धे पान देण्याऐवजी यासाठी चार ओळी द्याव्यात.

"परत बोलवा की तिला, चाकण आहेच," असे शेजारी सुचवतात. बोलवू, वेळ आली तर. मुलगी आधी म्हणायची, "लोक काय म्हणतील, बाबा?" आता म्हणत नाही. सप्टेंबरपर्यंत वेळ आहे आणि जानेवारीत तिची बी-टूची परीक्षा आहे.

कळावे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली
(नाव कृपया छापू नये. मुलगी अर्ज करते आहे.)

ता. क. : आपल्या लेखासोबतच्या चौकटीत 'चान्सनकार्ड' आणि हा परवाना एकच असल्यासारखे छापले आहे. ते वेगळे आहेत. चान्सनकार्ड जून २०२४ पासून सुरू झाले. ते मुख्यतः बाहेरून नोकरी शोधायला येणाऱ्यांसाठी असून त्याला गुण मोजतात, मुदत साधारण एक वर्ष असते आणि आठवड्याला २० तासच काम करता येते. दुरुस्ती छापावी, म्हणजे कुणी त्या चौकटीच्या भरवशावर बँकेत जाणार नाही.